फणसाच्या लाकडाचा चष्मा

मानसूर रोज सकाळी मरायचा सराव करतो, असं रुस्ली समुद्रात खांबांवर उभ्या सगळ्या लेंतोरा गावभर सांगत फिरायचा.

सराव कसला आलाय. मानसूर दोन्ही कोपरांवर अंग ओढत घराच्या मागच्या फळ्यांवर यायचा, पोटावर पडायचा, डोळ्यांवर लाकडी चष्मा दाबायचा आणि खांद्यापर्यंत मुंडी समुद्रात घालायचा. भरतीचं पाणी फळ्यांच्या वीतभर खाली येतं, तेवढाच वेळ. खाली घराच्या खांबांभोवती दोनचार बारके मासे, एक बुडालेली चप्पल, शेजाऱ्याचा फुटका डबा. तेच बघायचा. दम संपला की वर, पुन्हा खाली. कमरेखालचं अंग मागे पडलेलं असायचं, ओल्या जाळ्यासारखं, आणि त्यावर माशा बसायच्या. त्याला त्या कळत नव्हत्या. हाकलायचं काम त्याच्या बायकोचं, हार्तीनाचं.

पूर्वेचा वारा सुटून तिसरा महिना लागला होता. हार्तीना कसावाच्या कंदाचा कीस फडक्यात पिळत बसली होती. सासू, म्हातारी म्बो बुंगा, दाराशी पाय पसरून सुकलेल्या माशाचं शेपूट चोखत होती. दोन दिवस तेच शेपूट.

गाफारची छोटी होडी खांबाला येऊन टेकली. गाफार मोठ्या होडीचा म्होरक्या. गाव त्याला पुतो म्हणायचं, काका. साठीचा माणूस, डोळे कायमचे लाल.

"मानसूर, वर ये रे. बोलायचंय."

मानसूरला ऐकू गेलं नाही. कानाचे पडदे लहानपणीच पाण्यात फुटलेले, इथल्या सगळ्याच बुडीवाल्यांचे असतात तसे. हार्तीनाने उठून त्याच्या खांद्यावर थाप मारली. कमरेवर मारून उपयोग नव्हता.

तो वर आला. डोळ्यांभोवती दोन गोल वळ.

"वारा पडायला आलाय," गाफार मोठ्याने म्हणाला. "आठ-दहा दिवस. या खेपेला मी रिकामी जागा घेऊन जाणार नाही. दोन वर्षं नेली. पोरं तुझ्या जागेवर भांडी ठेवतात."

"ठेवू देत."

"रुस्ली मागतोय ती जागा."

"माझा चष्मा आहे अजून."

"चष्मा आहे. माणूस कुठंय?"

मानसूरने चष्म्यातलं पाणी फळीवर ओतलं.

"पुतो," हार्तीना म्हणाली, "मी आले तर?"

"तू? ये की. चष्मा तासून घे, ये. बाई आहेस म्हणून मी अडवत नाही. तुझी आई माझ्या बापाच्या होडीत होतीच."

"ती विधवा होती."

"तेच म्हणतोय मी," गाफार म्हणाला, आणि वल्हं पाण्यात घातलं.

होडीत जागा माणसाची नसते, चष्म्याची असते. ज्याचा चष्मा, त्याची जागा. माणूस मेला की त्याचा चष्मा तासायचा आणि घरातल्या दुसऱ्याच्या तोंडाला बसवायचा, घरात कोणी नसेल तर म्होरक्या सांगेल त्याच्या, मग जागा त्याची. शहरातल्या बाजारात प्लास्टिकचा रंगीत चष्मा मिळतो, तो लावून कोणीही पोहावं, पण होडीत त्याला जागा नाही. नवा कोरला तरी नाही. आणि जिवंत माणसाचा चष्मा तासत नाहीत. तासला, की तो माणूस गेला. मग बसेना का तो घरात भात खात.

म्बो बुंगाने शेपूट बाजूला ठेवलं. "काय म्हणाला तो?"

"वारा पडतोय म्हणाला," हार्तीनाने तिच्या कानात ओरडून सांगितलं.

"एवढंच सांगायला आला होता?"

"एवढंच."

*

जवळचा खडक मेला होता. खत भरलेल्या बाटल्यांचे बॉम्ब फोडून फोडून आपल्याच लोकांनी मारला होता, दुसऱ्या कोणावर ढकलायला नको. ओहोटीला हार्तीना कमरेएवढ्या पाण्यात वाकून दगड उलटे करायची. एका दगडाखाली शिंपला, दहा दगडांखाली काही नाही. वारा पाठीवर वाळू मारल्यासारखा लागायचा. बोटांच्या पेरांत चिरा पडलेल्या, त्यात खारं पाणी. पहिला आठवडा झोंबलं, नंतर झोंबायचंही थांबलं. अर्धी टोपली शिंपले झाले की घरी. शिंपल्यांचं पाणी आणि वाफवलेला कसावा. घरात तीन माणसं. लेक लग्न होऊन दूरच्या बेटावर गेलेली, तिच्याकडे काय मागायचं.

दूरच्या खडकावर समुद्रकाकड्या होत्या, तळाला लोळणारे काकडीएवढे मऊ जीव, व्यापारी त्यांना चांगला भाव देतो. चाळीस दिवसांची खेप. मोठी होडी गेली आणि आली, की पावसाळा निघायचा. तिथे जायला जागा लागते.

घरी आल्यावर मानसूरला कुशीवर करायचं, मागचं पुसायचं, जखमा धुवायच्या. माकडहाडावर एक जखम होती, शिंपल्याएवढी. तिच्यात ती मिठाचं पाणी ओतायची. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत पडायचा. कॅलेंडर तीन वर्षांपूर्वीचं.

"झालं?"

"झालं."

एवढंच बोलणं. पूर्वी तो बोलका होता. लग्नाच्या आधी तिच्या घराखाली बुडी मारून फळ्यांच्या फटीतून तिच्या तळपायाला काडी टोचायचा.

दोन वर्षांपूर्वी आलेला कॉम्प्रेसरवाला शहरातला. टायरमध्ये हवा भरायचं मशीन बोटीवर ठेवलेलं, त्याला लांब पिवळी नळी, नळी तोंडात धरायची आणि वीस वाव खाली जायचं, एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढं. कितीही वेळ थांबा. किती वेळ थांबू नये, हे कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माणसं कमी वेळ थांबली असती, आणि मशीन काय कमी वेळ चालवण्यासाठी आणलं होतं? त्या दिवशी मानसूर पाचव्यांदा खाली गेला. वर आला, बोटीवर भात खायला बसला, सगळा भात खाल्ला, आणि उठायला गेला तर उठलाच नाही. कॉम्प्रेसरवाल्याने तांदळाची एक गोणी पाठवली. गोणीवर कोंबडा छापलेला होता. म्बो बुंगाने त्या गोणीची उशी शिवली. मानसूर त्याच कोंबड्यावर डोकं ठेवून झोपतो.

*

गाफार येऊन गेल्याच्या चौथ्या दिवशी हार्तीनाने कपाट भिंतीपासून ओढलं. तिच्या माहेरचं कपाट. मागचं प्लायवूड खिळ्यांसकट उचकटलं. आतली दोन लुगडी आणि कुराण गाठोड्यात बांधून आढ्याला टांगलं.

"काय करतेस?" मानसूर पडल्या जागेवरून म्हणाला.

"पोहायला पायाच्या फळ्या."

"माझ्या आहेत की."

"तुझ्या मोठ्या आहेत. त्यांनी माझी मांडी भरून येते."

तिने कोळशाने पाऊल आखलं, त्याच्यापुढे वीतभर पसरट पान काढलं, करवतीने कापायला घेतलं. करवतीचे दात गेलेले. प्लायवूडचे पापुद्रे सुटायला लागले. कडेला भाताची पेज चोपडून तिने दोन दगडांत दाबून ठेवले. मोटारसायकलच्या जुन्या टायरची पट्टी कापायला तिला अख्खी दुपार लागली. कोयता सटकून अंगठ्याच्या मुळाशी लागला. रक्त आलं, तिने पाहिलं, पट्टी कापत राहिली.

रुस्ली पाण्यातून होडी ढकलत चालला होता. थांबला. तिशीतला, गाफारचा पुतण्या, गळ्यात निळा प्लास्टिकचा चष्मा. तो होडीत चालत नाही हे माहीत असूनही गळ्यात.

"वहिनी, कपाट मोडलं की काय? सरपण संपलं?"

"संपलं."

"मला सांगायचं. चुलीचं काम करशील होडीवर? पुतोला विचारतो. मी बुडी मारीन, तू धूर सांभाळ. आमचा भात, आमच्या समुद्रकाकड्या उकडायच्या. दादाला काय, माशा मारायला म्हातारी आहे."

"तुझ्या तोंडाला चष्मा कोण बसवणार?"

"दादाचाच पुतो तासून देणार. फक्त दादा हो म्हणायचा राहिलाय. आणि दादा हो म्हटला नाही तरी होडी थोडीच थांबणार आहे?" तो आत वाकून ओरडला, "काय दादा? आज किती वेळ मेलास?"

मानसूरने मान वळवली. त्याने ऐकलं होतं की नाही, कळलं नाही.

रुस्ली गेल्यावर हार्तीना पट्टीला खिळा ठोकत होती, तेव्हा आतून आवाज आला. "टोक पातळ कर. जाड राहिलं तर पोटरी जाईल."

"किती पातळ?"

"नखाएवढं. आणि पट्टी टाचेमागे घे, घोट्यावर नको. घोटा सोलतो."

तिने फळी त्याच्यापुढे नेऊन ठेवली. त्याने ती उचलली, डोळ्यांसमोर आडवी धरली, वाकडी आहे का बघितली. मग कुऱ्हाडीचं पातं मागितलं आणि पडल्यापडल्या तासायला लागला. त्याच्या छातीवर लाकडाचा भुसा साठत गेला.

*

सातव्या दिवशी वारा पडला. सकाळी पाणी सपाट, तेलासारखं. गाव आवाजांनी भरून गेलं. होडीच्या बुडाला राळ लावायचा वास सगळीकडे. गाफारने निरोप पाठवला: परवा पहाटेची भरती.

मानसूर त्या दिवशी तीनदा फळ्यांवर गेला. तिन्ही वेळा मुंडी पाण्यात. तिसऱ्यांदा इतका वेळ राहिला की हार्तीनाने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग तो वर आला.

"काजळी आण," तो म्हणाला.

ती उभी राहिली.

"दिव्याची काजळी. खोबरेलात कालव. आणि तो लहान चाकू, सोनेरी मुठीचा नाही, दुसरा."

म्बो बुंगा दाराशी होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण चाकू दिसला. चष्मा दिसला. ती उठली, फळ्यांवरून हळूहळू चालत शेजारच्या घरी गेली. जाताना म्हणाली, "माझं पोर जेवलं का, ते मला नंतर सांगा."

चष्मा फणसाच्या लाकडाचा, मानसूरच्या बापाने कोरलेला. वापरून वापरून काळा पडलेला. दोन वाटोळ्या चौकटी, मध्ये नाकावरून सुतळी, मागे सायकलच्या ट्यूबची पट्टी. काचा खिडकीच्या, दगडावर घासून गोल केलेल्या, राळेने चिकटवलेल्या. बाहेरून दोन वाट्याच. पण आतली कड मानसूरच्या हाडांची होती. त्याचे डोळे खोल, कपाळ पुढे आलेलं. बापाने पंधरा दिवस कोरलं होतं.

हार्तीना त्याच्यासमोर मांडी घालून बसली. त्याने काजळीत बोट बुडवलं आणि तिच्या डोळ्याभोवती फिरवलं. भुवई, नाकाची बाजू, गालाचं हाड. दोन वर्षांत त्याने तिच्या तोंडाला हात लावला नव्हता. बोट खरखरीत होतं. तिला वाटलं होतं काहीतरी वाटेल. तेल थंड लागलं, तेवढंच.

त्याने चष्मा तिच्या डोळ्यांवर दाबला, काढला, उजेडात धरला. लाकडाच्या कडेवर जिथे जिथे हाड टेकलं होतं तिथे काळे डाग उठले होते. डाग म्हणजे उंचवटा. उंचवटा तासायचा.

"लाकूड काढता येतं," तो म्हणाला. "परत लावता येत नाही."

"माहीत आहे."

"एकदा चुकलं तर कोणाच्याच कामाचा नाही."

"माहीत आहे म्हटलं ना."

"मग तोंड हलवू नकोस. बोलू नकोस."

पहिली ढलपी निघाली ती कपाळाकडची. मानसूरच्या कपाळाची खोबण. पातळ, वळलेली, नखासारखी. ती फळीवर पडली आणि फटीतून पाण्यात गेली. त्याने तिकडे पाहिलं नाही. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं, पुन्हा तासणं. दुपार कलली. हार्तीनाचे पाय बधिर झाले, मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. तिने पाय हलवले नाहीत. तिच्यासमोरचा माणूस दोन वर्षं असाच बसला होता.

उन्हं उतरली तेव्हा तिने चष्मा लावून बादलीत तोंड घातलं. उजवीकडे कोरडं. डावीकडे नाकाजवळ थेंब थेंब.

"डावीकडे येतंय."

"कुठे? बोट लाव."

तिने बोट लावलं. त्याने तिथली केसाएवढी कड काढली, मग खोबरेल लावून अंगठ्याने घासत बसला. बराच वेळ. पुन्हा बादली. तिने शंभर मोजले. बादलीच्या तळाला गंजाचा एक नकाशा होता, तो तिला स्वच्छ दिसला.

वर आल्यावर त्याने विचारलं, "आलं?"

"नाही."

त्याने चष्मा हातात घेतला, सवयीने स्वतःच्या डोळ्यांना लावला. एका बाजूने उजेड आत येत होता. त्याने तो काढून तिच्याकडे दिला आणि कोंबड्याच्या गोणीवर डोकं ठेवलं.

त्या संध्याकाळी गाफारची बायको वाफवलेल्या भाताची टोपली घेऊन आली. मयताच्या घरी देतात तशी, वर उकडलेलं अंडं. टोपली तिने हार्तीनाच्या हातात दिली. मानसूर तिथेच चार हातांच्या अंतरावर होता. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चांगला होता हो तुझा माणूस."

"हो," हार्तीना म्हणाली.

तिने अंडं सोलून मानसूरला दिलं. त्याने खाल्लं.

*

ठरल्या पहाटे उजाडता उजाडता भरती आली. मोठी होडी मानसूरच्या घराच्या फळ्यांशी लागली, कारण पहिली बुडी नव्या माणसाच्या दारातून, अशी रीत. अकरा बुडीवाले होडीत, आपापल्या जागेवर. चौथी जागा रिकामी. तिथली भांडी उचललेली होती. रुस्ली चुलीपाशी बसला होता, फुगलेल्या तोंडाने.

हार्तीना पायाच्या फळ्या काखेत धरून उभी राहिली.

"चष्मा," गाफार म्हणाला.

तिने दाखवला. त्याने आतली कड बोटाने चाचपली, मान हलवली. "कोरणारा गेला, पण हात चांगला होता." कोरणारा दोन हातांच्या अंतरावर भिंतीला टेकून बसला होता. गाफारने त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. "आता भिजव."

काच आतून भिजवावी लागते, नाहीतर खाली गेल्यावर धुकं धरते. रोज बुडीवाले तिच्यात थुंकतात. पण गेलेल्या माणसाचा चष्मा पहिल्यांदा लावताना बायकोने काच डोळ्यांतल्या पाण्याने भिजवायची. त्याशिवाय तो तिचा होत नाही.

हार्तीनाने चष्मा तोंडाजवळ धरला. सगळे खाली बघत थांबले. शेजारच्या फळ्यांवर बायका आल्या होत्या, त्यांच्यात म्बो बुंगा. हार्तीनाने आईचं मरण आठवलं. पिवळी नळी आठवली. तळपायाला टोचणारी काडी आठवली. माकडहाडावरची जखम आठवली, ती आज धुवायची राहिली होती. काही आलं नाही. डोळे कोरड्या शिंपल्यांसारखे.

"घे, घे, सावकाश," गाफार म्हणाला.

भरती थांबत नाही. होडी खांबावर आपटायला लागली.

"कांदा देऊ का?" रुस्ली चुलीपासून म्हणाला. कोणीतरी हसलं आणि खोकल्यात दडवलं.

"आज नाही आलं तर?" तिने विचारलं.

"तर जागा बदलते," गाफार म्हणाला. त्यालाही ते बोलायचं नव्हतं, दिसत होतं. "रीत मी केलेली नाही."

तिने डोळे मिटले, उघडले. काचेत तिला स्वतःचे दोन डोळे दिसले, काजळीचा डाग अजून कोपऱ्यात. तेवढ्यात तिच्या घोट्याला काहीतरी लागलं. मानसूर कोपरांवर सरकत तिच्यापर्यंत आला होता. त्याने हात वर केला.

"आण इकडे."

होडीतले बाजूला बघायला लागले. मेलेला माणूस बोलत असेल तर कुठे बघायचं, हे रीतीत नव्हतं.

तिने चष्मा दिला. मानसूरने तो उताणा धरला, घसा खाकरला, आणि एका काचेत थुंकला. मग दुसऱ्या काचेत. अंगठ्याने थुंकी गोल गोल घोळवली, कडेपर्यंत, जशी वीस वर्षं रोज सकाळी घोळवत होता. समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळला. आणि तिच्या हातात दिला.

"धुकं धरणार नाही," तो म्हणाला. "नाकाजवळ दाबून धर पहिल्या वावाला."

कोणी हललं नाही. म्बो बुंगाला ऐकू आलं नव्हतं, पण तिने पाहिलं होतं. ती आपल्या जागेवरून खणखणीत म्हणाली, "माझ्या पोराची थुंकी आहे. भिजली ना काच? मग नेत का नाही तिला?"

गाफार काच बघत राहिला. मग बाजूला वळून म्हणाला, "भिजली आहे. मला ओली दिसतेय. कोणाला कोरडी दिसते का?"

अकरा जणांत कोणालाच दिसली नाही. रुस्लीने चुलीत एक लाकूड सारलं.

हार्तीनाने फळ्या पायांत घातल्या, पट्टी टाचेमागे घेतली, चष्मा दाबला आणि स्वतःच्या घराच्या फळ्यांवरून पाण्यात गेली. पहिल्या वावाला नाकाजवळ दाबून धरलं. खाली खांब, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, एक बुडालेली चप्पल, शेजाऱ्याचा डबा. डब्याशेजारी वाळूवर लाकडाची ढलपी पडली होती, वळलेली, नखासारखी. जड लाकूड, तरंगलं नव्हतं. सगळं स्वच्छ. रोज दोन वर्षं तो हेच बघत होता.

ती वर आली. होडीची कड धरली.

"दिसलं?" गाफारने विचारलं.

"दिसलं."

तिने चौथ्या जागेवर बूड टेकलं. होडी सुटली. खडकाच्या कडेशी वळताना तिने मागे पाहिलं. फळ्यांवर मानसूर पोटावर पडला होता, मुंडी खांद्यापर्यंत पाण्यात, चष्म्याविना, उघड्या डोळ्यांनी. पायांवर माशा बसल्या असतील. इतक्या लांबून त्या दिसत नव्हत्या.